बैलाच्या चालीची वाट

राणीसावरगावात खोली घेऊन राहायला लागलो, त्या पहिल्या पावसाळ्यात मी तीन वेळा सायकल खांद्यावर घेऊन शाळेत पोचलो. शाळा डोंगरातल्या एका वाडीची. चौथीपर्यंतचे वर्ग, दोन खोल्या, दोन शिक्षक. वाडीला एसटी नव्हती. गंगाखेडच्या बाजारातून घेतलेली काळी बावीस इंची सायकल हेच माझं वाहन. काळी माती भिजली की चाकाला कशी धरते, हे ज्यानं सोसलं त्यालाच कळतं. मडगार्ड आणि टायर यांच्यामधल्या बोटभर फटीत गारा भरतो, त्यात काडीकचरा अडकतो आणि पन्नास पावलांत चाक फिरायचं थांबतं. तुराटी मोडून खरवडायचं, दहा पावलं जायचं, पुन्हा खरवडायचं. शेवटी सायकल उचलून चालायला लागायचं. वीस-बावीस किलोची सायकल, वर किलो-दोन किलो गारा.

तिसऱ्या खेपेला माळावर मेंढरं घेऊन उभा असलेला एक म्हातारा हे सगळं पाहत होता. जवळ आला आणि म्हणाला, "गुरुजी, जवळची वाट धरताव म्हणून अडकताव. बरडानं जावा."

बरड म्हणजे हलक्या, खडकाळ जमिनीचा वरचा पट्टा. तिथं माती कमी, मुरूम जास्त, म्हणून पाणी थांबत नाही. वाट डोंगराच्या अंगानं वळसा घेत जायची, दीड-दोन किलोमीटर जास्त पडायचे. दुसऱ्या दिवशी तिकडून गेलो. प्रार्थनेच्या आधी अर्धा तास शाळेत होतो, कपडे कोरडे होते. त्या दिवशी सायकलीचे दोन्ही मडगार्ड काढून खोलीच्या माळ्यावर टाकले, ते परत कधी लावले नाहीत.

ही १९८९ सालची गोष्ट. पुढं तीस वर्षं या भागात वेगवेगळ्या वाड्यांवर बदल्या होत राहिल्या. मोटारसायकल घ्यायची ऐपत नंतर आली, पण तोवर सायकल सोडण्यात मला रस उरला नव्हता. सुरुवातीला गरज होती, मग सवय झाली आणि पुढं पुढं दिवाळीच्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुद्दाम वाटा शोधत हिंडू लागलो. एक वही केली. तिच्यात चार रकाने : पाणी कुठं, सावली कुठं, काटा कुठं, आणि वाटेवर कोण भेटलं. शेवटच्या रकान्यात नावं लिहायचो नाही, 'दोन बैलगाड्या', 'शेरडं घेऊन पोरगी', 'सरपणवाल्या बाया' एवढंच. वही तारीखवार असे. हा शेवटचा रकाना पुढं कुठं कामाला येणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

शहरातले सायकलवाले मला एकच विचारतात : वर्दळ नसलेली, झाडीतून जाणारी, फार दम न लागणारी वाट कुठं आहे? आमच्याकडं अशा वाटा आहेत आणि त्या तशा का आहेत, हे मला एका गाडीवानानं शिकवलं. आयुष्यभर त्यानं डोंगरातून सरपण आणि कडबा वाहिला होता. नव्या डांबरी सडकेच्या चढावर मी उतरून सायकल ढकलत होतो. तो म्हणाला, ही सडक इंजिनासाठी आहे, तुम्ही बैलाच्या वाटेनं जा. मला अर्थ कळला नाही. त्यानं समजावलं. भरलेली गाडी ओढणाऱ्या बैलाला उभा चढ झेपत नाही. जू मानेवर बसतं, खूर निसटतात, बैल एकदा बसला की उठत नाही. म्हणून गाडीवाट डोंगराला अंगावर घेत नाही, त्याच्या कुशीतून तिरपी चढते. आणि मध्ये मध्ये हातभर सपाटी ठेवते, तिथं बैल श्वास घेतो. सायकलवाल्याचा दम साधारण बैलाएवढाच असतो, असं तो म्हणाला.

मी तिसरी-चौथीची पोरं घेऊन हे मोजून पाहिलं. गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी घेतली, शंभर फुटांची दोरी घेतली. जुन्या गाडीवाटेला शंभर फुटांमागं चढ साडेतीन-चार फूट निघाला. त्याच टेकाडावर चढणाऱ्या सडकेला एका ठिकाणी नऊ फूट. पोरांनी फळ्यावर दोन्ही उतार काढले. अपूर्णांक शिकवायला मला त्यानंतर वेगळं साधन लागलं नाही.

आमचा डोंगर म्हणजे बालाघाट. सह्याद्रीतून फुटून आग्नेयेकडं सरकत आलेली ही रांग इथवर येईपर्यंत मवाळ होते. कडे नाहीत, सुळके नाहीत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थरावर थर साचत गेला, त्यातला कठीण थर टिकला, मऊ झिजला, म्हणून टेकड्यांचे माथे सपाट आणि अंगं पायऱ्यांची. जुनी वाट या पायरीवरून चालते. बराच वेळ एकाच उंचीवरून जाते, मग एखाद्या खिंडीतून हळूच वरच्या पायरीवर चढते. डोंगरपिंपळा, डोंगरजवळा, पिंपळदरी ही गावांची नावंच सांगतात की माणसानं इथं डोंगराशी भांडण न करता वस्ती केली. रेल्वे आणि ट्रक नव्हते तेव्हा लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून दख्खनभर फिरत. आमच्याकडच्या तांड्यांतले म्हातारे काही वाटांना अजून त्याच काळाच्या वाटा म्हणून ओळखतात. हे कागदावर सिद्ध करता येणार नाही, पण उतार मोजला की पटतं.

पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यानं मला युरोपातल्या वाटांबद्दल सांगितलं. बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ उखडून तिथं सायकलीसाठी रस्ते केलेत. इंग्लंडात ब्रिस्टल ते बाथ असा एक आहे, बेल्जियम, जर्मनी आणि लक्झेंबर्ग या तीन देशांतून जाणारा फेनबान नावाचा १२५ किलोमीटरचा आहे. ऐकताना मला गाडीवान आठवला. रेल्वेच्या इंजिनालाही उभा चढ चालत नाही, म्हणून तिचा मार्ग सायकलीला मानवतो. त्यांच्याकडं ते काम इंजिनानं केलं, आमच्याकडं बैलानं. फरक एवढा की तिथं कुणीतरी तो मार्ग जपायचं ठरवलं.

वर्षातला कुठला काळ निवडायचा म्हटलं तर मी आश्विन निवडतो. पाऊस ओसरलेला असतो, मुरूम दबून बसलेला असतो, धूळ अजून उठत नाही. राणीसावरगावाहून पहाटे निघून सडक सोडायची आणि गाडीवाटांनी उत्तरेकडं उतरत गंगाखेडला गोदावरीवर जायचं, ही माझी सगळ्यांत आवडती फेरी. सडकेपेक्षा बरीच लांब पडते. पहिला तासभर पठारावरून. दोन्ही बाजूंना काढणीला आलेलं सोयाबीन, मध्ये तुरीचे पट्टे, बांधावर आपट्याची झाडं. दसऱ्याच्या आधी गेलात तर पोरं आपट्यावर चढलेली दिसतात. मग झाडी सुरू होते. घनदाट म्हणावी अशी नाही, पण साग, धावडा, पळस आणि यांच्या पायाशी सगळीकडं सीताफळ. बालाघाटाच्या उतारावर सीताफळ कुणी लावावं लागत नाही. सूर्य उगवायच्या सुमाराला बाया पाट्या घेऊन आलेल्या असतात. फळाचे डोळे उघडले की तोडायचं, डोळ्यांमधल्या खाचा पांढुरक्या झाल्या की दोन दिवसांत पिकतं. हे मला त्यांनीच शिकवलं. त्या रानात मी पैसे देऊन सीताफळ कधी खाल्लं नाही, कुणी घेतलेच नाहीत. म्हणून पुढं पुढं मीच सुई-दोरा, पोरांना पेन्सिली असं काहीबाही पिशवीत ठेवू लागलो.

खाली उतरताना ब्रेक जपून लावायचे. मुरमावर पुढचा ब्रेक आवळला की चाक घसरतं. मागचा थोडा थोडा सोडत जायचं, आणि वाट बैलाची असल्यामुळं तेवढ्यावर भागतं. लवणात पाणी वाहत असतं, सकाळच्या वेळी मोर पाणी प्यायला आलेले असतात. एकदा रोह्यांचा कळप वाटेवर उभा होता, सात-आठ असतील. सायकलीचा आवाज नसतो म्हणून त्यांनी मला फार जवळ येऊ दिलं, मग एकदम उधळले. रानाच्या खाली कापसाचं आणि उसाचं शिवार लागतं, वाट सपाट होते, हवा जड होते. नदीच्या वाळूचा वास आधी येतो, मग जनाबाईचं गंगाखेड दिसतं. घाटावर पाय पाण्यात सोडून भाकरी खायची. परतीला ऊन कलल्यावर निघायचं, चढाला लागायच्या आधी चहा घ्यायचा, अंधार पडायच्या आत घरी.

अंधार पडायच्या आत, यावर माझा फार जोर असतो. रानडुकरांपासून पीक राखायला शेतकरी धुऱ्यावरून तार ओढतात. कुणी झटका मशीन लावतात, त्याचा झटका बसतो पण जीव जात नाही. कुणी थेट वीज सोडतात, ती माणूस ओळखत नाही. एका संध्याकाळी टॉर्चच्या उजेडात पुढच्या चाकापासून दोन हातांवर तार दिसली. तेव्हापासून मी या वाटांवर रात्री सायकल चालवली नाही आणि बरोबरच्यांना चालवू दिली नाही.

एका चुकीबद्दल मात्र स्वतःला माफ करायला मला वेळ लागला. शहरातून तिघं आले होते, एप्रिलचा दुसरा आठवडा. त्यांची सुट्टी तेव्हाच होती म्हणून मी हो म्हटलं. निघायला सात वाजले. साडेदहाला रानात एकही पान नव्हतं, साग पूर्ण निष्पर्ण, खडक तापलेला. त्यांतल्या एकाला घाम यायचा थांबला आणि तो काहीतरी असंबद्ध बोलू लागला. जवळ पाणी होतं ते त्याच्या डोक्यावर, काखेत ओतलं, ओली लुंगी गुंडाळली, पण नेणार कसं? वाटेवर माणूस नाही याचं मी सकाळीच कौतुक केलं होतं. अर्ध्या तासानं एका आखाड्यावरून सालगडी ट्रॅक्टर घेऊन आला. त्यानं पोत्यांवर निजवून त्याला दवाखान्यात पोचवलं. तो वाचला. त्यानंतर मी फाल्गुन संपला की कुणालाही नेत नाही, आणि स्वतः जायचं तर पहाटे पाचला निघून दहाच्या आत सावलीत बसतो.

दुसरी चूक वहीतली. एका डिसेंबरात मी एका तांड्यावरून जाणारी वाट पहिल्यांदाच त्या महिन्यात धरली. ऑक्टोबरात तिथं गजबज असायची. वहीत लिहिलं, 'वर्दळ अजिबात नाही. उत्तम.' सबंध तांडा शांत होता. दारांना कुलपं, काही दारांवर काटेरी फांद्या लावलेल्या. हातपंपावर कुणी नाही. एका ओट्यावर एक आजी आणि तिच्याजवळ दोन लहान लेकरं. पाणी मागितलं तर तिनं तांब्या भरून दिला आणि विचारलं, "साखर कारखान्याकडून आलाव का? आमची माणसं दिसली का?"

मी शिक्षक होतो. दसऱ्यानंतर हजेरीपट कसा रिकामा होतो, हे मला दर वर्षी दिसत होतं. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी लेकरांसकट ट्रकमध्ये, टायरगाड्यांमध्ये बसून पश्चिमेकडं जातात, कर्नाटकापर्यंत जातात, आणि चार-सहा महिन्यांनी कारखान्याचा पट्टा पडला की परततात. माझ्याच वर्गातली सहा-सात पोरं त्या हंगामात कोपीवर असत. हे सगळं माहीत असून वाटेवर बसलेलं मन वेगळंच काहीतरी लिहीत होतं. ज्याला मी शांतता म्हणत होतो ती कशानं आली होती, हे त्या आजीच्या प्रश्नानं मला दाखवलं. वहीतली ती ओळ खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं, 'माणसं ऊसतोडीला.' त्यानंतर हिवाळ्यात कुणी पाहुणे आले तर त्या तांड्यावर आम्ही थांबतोच. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना कळवायचं असतं, औषध आणायचं असतं, फोन लावून द्यायचा असतो. एखादी फेरी त्यामुळं निम्मीच होते.

तंत्राचं फार काही सांगण्यासारखं नाही. गिअरची सायकल मी २००६ साली घेतली, ती चढाला बरी, पण या वाटा एका गिअरवरही होतात. टायर जरा रुंद हवा आणि हवा जरा कमी हवी. वेड्या बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून आतच राहतो. नवे लोक ट्यूबला ठिगळ लावतात आणि दोन किलोमीटरवर पुन्हा बसतात. टायरच्या आतून बोट फिरवून काट्याचं टोक शोधून काढल्याशिवाय पंक्चर काढून उपयोग नाही. सराट्यांचंही तेच. एवढं आलं की बाकीचं वाट शिकवते.

ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती आता सांगतो. या वाटा जात आहेत. बैल कमी झाले. ज्या वाटेनं गाडी जात नाही तिची चाकोरी दोन पावसाळ्यांत गवतानं भरते. मग एका बाजूचा शेतकरी नांगर हातभर पुढं घेतो, दुसऱ्या बाजूचा हातभर अलीकडं आणतो. चार वर्षांत उरते ती पायवाट, पुढं तिच्यावर तूर उभी राहते. कुणी दुष्ट नसतो यात. दोन एकरांच्या धन्याला हातभर जमीनही मोठी असते. पण नकाशावर ती वाट असते. गाडीमार्गाला साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाला सव्वाआठ फूट रुंदी धरलेली असते. जमिनीवर ती नसते, एवढंच.

माझ्या रोजच्या फेरीतल्या एका वाटेचं असंच झालं. वाट मोडली आणि तिच्यापलीकडच्या पाच-सहा शेतकऱ्यांचं बी-बियाणं, खत, माल डोक्यावरून न्यायची पाळी आली. वाट मोडणारा माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा. त्याच्या आखाड्यावर वाटेला लागून एक माठ असायचा. सोळा वर्षं मी त्या माठाचं पाणी प्यालो. हुरड्याच्या दिवसांत तो मला वाटेत अडवून बसवायचा. परभणी मोतीचं कणीस आगटीत भाजून गोवरीवर चोळायचा आणि दाणे माझ्या हातावर ओतायचा.

पलीकडचे शेतकरी तहसीलला गेले. १९०६ सालचा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, पूर्वापार वहिवाटीतला अडथळा काढायचा अधिकार त्यानं तहसीलदाराला दिलेला आहे, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो आणि वहिवाट होती हे दाखवावं लागतं. पुरावा कोण देणार? भाऊबंद बोलायला तयार नव्हते, रोज तोंडाला तोंड. ते माझ्याकडं आले. म्हणाले, गुरुजी, तुमच्या वहीत आहे ना सगळं?

होतं. कोणत्या तारखेला किती गाड्या भेटल्या, कुठं ओढ्यात चाक रुतलं, कधी कडबा चालला होता. सोळा वर्षांचं. मी दोन रात्री झोपलो नाही. सांगितलं नसतं तर माठ माझा राहिला असता. मी सांगितलं. जागेवर पंचनामा झाला तेव्हा वही पुढं ठेवली, पानं उलटून दाखवली. तो माणूस बांधावर उभा होता. एक शब्द बोलला नाही. वाट मोकळी करण्याचा आदेश झाला, तुरीच्या सहा ओळी निघाल्या.

मी बरोबर केलं असं अजूनही मानतो. बियाण्याची पोती डोक्यावर घेऊन गुडघाभर गाऱ्यातून चालणारी बाई मी त्याच वाटेवर पाहिली होती. पण बरोबर केलं म्हणून हलकं वाटलं, असं मात्र झालं नाही.

पुढं पाणंद रस्त्यांच्या योजनेत त्या वाटेवर खडी-मुरूम पडला, दोन्ही बाजूंना नाल्या निघाल्या. आता पावसाळ्यातही ट्रॅक्टर जातो, मोटारसायकली जातात, शाळेच्या पोरांची व्हॅन जाते. शहरातल्या पाहुण्यांना मी ती वाट दाखवतो तेव्हा ते म्हणतात, इथं वर्दळ फार आहे, दुसरी दाखवा. मी दुसरी दाखवतो. स्वतः मात्र आठवड्यातून एकदा तिच्यावरूनच जातो. उतार अजून तोच आहे, शंभर फुटांना चार फूट. कंत्राटदारानं जुन्या चाकोरीवरच खडी टाकली, वळणं बदलली नाहीत.

आखाडाही तिथंच आहे. माठ वाटेकडच्या बाजूलाच ठेवलेला असतो, वर पत्र्याचं झाकण, झाकणावर उपडा पेला. मी घरून दोन बाटल्या भरून निघतो. त्या वळणावर चढ संपतो आणि बैल श्वास घ्यायचे ती सपाटी लागते, तिथं पाय आपोआप थांबतात. मी एक पाय टेकवून माझ्या बाटलीतलं पाणी पितो. तो खुरपणीत असला तर मान वर करत नाही. गेल्या कार्तिकात त्याचा नातू धावत वाटेवर आला आणि सायकलीची घंटी वाजवून गेला. म्हाताऱ्यानं त्याला हाक मारून परत बोलावलं नाही.